शेपटीवरून जात ठरते का?

राजापूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा. गोठ्यातल्या बुटक्या, काटक गाईला आता सरकारदरबारी नाव आहे, ‘कोकण कपिला’. खाली सिंधुदुर्गात तोंडावर पांढरे पट्टे असलेली काळी शेळी दिसते, तिलाही आहे, ‘कोकण कन्याळ’. दोघींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे झालेली आहे आणि त्यामागे दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांनी घेतलेली मापं आहेत: उंची, छातीचा घेर, शिंगांची ठेवण, दुधाचा हिशेब. त्याच गोठ्याच्या दाराशी राखेत अंग मुडपून जो पडलेला असतो, त्याचं नाव मोत्या, नाहीतर वाघ्या. त्याची जात विचारा. घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, ‘जात कसली, गावठी आहे तो.’

गावठी म्हणजे जात नसलेला, असं आपण धरून चाललो आहोत. प्रश्न असा की ही समजूत खरी आहे का? पिढ्यानपिढ्या एकाच मुलखात, एकाच हवेत, एकाच प्रकारच्या कामात राहिलेल्या या कुत्र्याच्या अंगात स्थिर अशी काही लक्षणं आहेत की नाहीत? असली, तर त्यांची किंमत किती? आणि एखाद्या ठळक लक्षणावर बोट ठेवून ‘ही आमची देशी जात’ असं म्हणता येतं का? या प्रश्नावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्याकडे आणि बाहेर जे काम झालं, ते एकत्र पाहावं, एवढाच इथे उद्देश आहे.

ठळक लक्षणावर जात उभी राहिल्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कोरियातलं आहे. ग्योंगजू हे शिल्ला राज्याच्या राजधानीचं शहर. पुढे गोर्यो राजवटीत त्याला डोंगग्योंग, म्हणजे पूर्वेची राजधानी, म्हणत. तिथल्या कुत्र्याचं वैशिष्ट्य एकच सांगतात: शेपूट नाही, किंवा असलं तर बोटभर. शिल्लाकालीन थडग्यांतून मातीच्या लहान मूर्ती निघाल्या, त्यांत आखूड शेपटीचा कुत्रा आहे. 1669 साली संकलित झालेल्या ‘डोंगग्योंग जापगी’ या स्थानिक वृत्तग्रंथातही त्याचा उल्लेख येतो. जपानी राजवटीत कातड्यांसाठी कोरियातल्या देशी कुत्र्यांची सरसकट कत्तल झाली, त्यात हाही जवळजवळ संपला. उरलेसुरले कुत्रे खेड्यापाड्यांतून हुडकून ग्योंगजूतल्या अभ्यासकांनी पैदास पुन्हा उभी केली आणि नोव्हेंबर 2012 मध्ये कोरियन सरकारने ‘ग्योंगजू डोंगग्योंगी’ला नैसर्गिक स्मारक क्रमांक 540 असा दर्जा दिला. त्याआधी 1962 मध्ये जिंदोला आणि 1992 मध्ये केसाळ साप्सारीला तो मिळालेला होता. म्हणजे तिथे कुत्रा हा दुर्मीळ वृक्ष किंवा गुहा यांच्या पंक्तीला बसतो, कायद्याने.

डोंगग्योंगीचं बाकीचं वर्णन वाचलं की मात्र कोकणी माणूस जरा थबकतो. मध्यम बांधा, उभे टोकदार कान, आटोपशीर तोंड, काटक पाय. रंग चार: पांढरा, पिवळा, काळा आणि वाघासारखा पट्टेरी. आपण ज्यांना ढवळा, पिवळा, काळ्या आणि वाघ्या म्हणून हाका मारतो, तेच हे चौघे. शेपूट झाकून फोटो दाखवला तर राजापूरच्या जवाहर चौकातलाच कुठला तरी कुत्रा वाटावा. तेव्हा जात ठरवली ती शेपटीने, म्हणजे शेपटीच्या अभावाने. हे पुरेसं आहे का?

त्यासाठी शेपटीकडे थोडं बारकाईने पाहायला हवं. कुत्र्याच्या कण्यात मानेचे 7, पाठीचे 13, कमरेचे 7 आणि माकडहाडाशी जोडलेले 3 मणके असतात. हे आकडे सगळ्या कुत्र्यांत जवळपास सारखेच. शेपटीच्या मणक्यांचं तसं नाही. ते साधारणपणे विसाच्या आसपास असतात, पण दोन-चार इकडेतिकडे होतात. डोंगग्योंगीत ते एक आकडी संख्येवर येतात. पण शेपूट आखूड होण्याची कारणं मात्र एकाहून अधिक आहेत. 2001 मध्ये पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी या जातीत ‘टी-बॉक्स’ नावाच्या जनुकातला एक बदल सापडला. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून हा बदल आला की पिल्लू आखूड शेपटीचं होतं. दोघांकडूनही आला की पिल्लू जन्मापर्यंत पोचतच नाही, गर्भातच जातं. म्हणून दोन आखूड शेपट्यांचं लग्न लावलं तर हिशेबाने चौथा हिस्सा पिल्लं हातची जातात. 2009 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी आखूड शेपटीच्या 23 जाती तपासल्या. 17 जातींत हाच बदल मिळाला, सहांत नाही. बुलडॉग आणि बोस्टन टेरिअरची पिळवटलेली आखूड शेपटी तर अगदीच वेगळ्या जनुकाची करामत आहे, हे 2018 मध्ये कळलं. त्याच बदलाचा संबंध त्यांच्या चेपलेल्या नाकाशीही लागतो.

यावरून एक गोष्ट स्वच्छ होते. शेपूट आखूड असणं ही एक घटना आहे आणि ती जगात अनेक ठिकाणी, अनेक वाटांनी घडलेली आहे. तेवढ्याने दोन कुत्री एकमेकांची नातलग ठरत नाहीत, की एखादी जात पुरातन ठरत नाही. रशियात नोव्होसिबिर्स्क इथे दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 पासून खोकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. निवड फक्त एका गुणावर केली, माणसाला न भिता जवळ येणं. आठ-दहा पिढ्यांत काही खोकडांचे कान पडले, अंगावर पांढरे डाग आले, शेपट्या वर वळल्या आणि काहींच्या तर आखूडही झाल्या. शेपटीसाठी कोणी निवड केलेलीच नव्हती. 2010 मध्ये कुत्र्यांच्या अनेक जातींच्या जनुकांची तुलना झाली, तिच्यातूनही हेच निघालं की आकार, कान, केस, पायांची उंची अशी डोळ्यांत भरणारी लक्षणं फार थोड्या जनुकांच्या हाती असतात. जे थोड्यांच्या हाती असतं ते झटकन बदलतं. पाच-सहा पिढ्यांत कान उभे करता येतात, पाडता येतात. म्हणून ‘बघा, कान कसे उभे आहेत, अस्सल आहे’ असं कोणी छाती ठोकून सांगू लागला की त्याच्याकडे जरा संशयाने पाहावं. पिल्लं विकणारा असेल तर जास्तच.

शेपूट नसण्याचा तोटाही असतो. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या दोघा अभ्यासकांनी 2008 मध्ये एक यंत्रकुत्रा मोकळ्या मैदानात ठेवला. कधी लांब शेपूट लावलं, कधी आखूड, कधी हलवलं, कधी स्थिर ठेवलं. लांब शेपूट हलत असलं की मोठे कुत्रे निर्धास्तपणे जवळ येत, स्थिर असलं की बिचकत. आखूड शेपटीच्या बाबतीत त्यांना फरकच कळेना. त्याच्या आदल्या वर्षी इटलीत असं दिसलं होतं की ओळखीचा मालक पाहिल्यावर कुत्र्याचं शेपूट उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी दांडगट कुत्रा पाहिल्यावर डावीकडे. एवढं सगळं त्या वीस मणक्यांतून बोललं जातं. गोंडा घोळणं हे आपण लाचारीचं लक्षण मानून माणसांना शिवी म्हणून वापरतो. कुत्र्याच्या दृष्टीने ती भाषा आहे, आणि लांडा कुत्रा त्या भाषेत तोतरा असतो.

आता आपल्याकडे येऊ. कोकणातल्या गावठी कुत्र्याचं शेपूट लांब, मुळाशी जाड, कमरेवर उंच बसलेलं आणि वर वळलेलं असतं. कधी कोयत्यासारखं, कधी पाठीवर पूर्ण वेटोळं. झोपेत आणि भीतीत तेवढं ते सरळ होतं. नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण ज्याने केली त्याच्या समोर हाच कुत्रा होता. घाटावरच्या कारवान या शिकारी कुत्र्याच्या सरळ लोंबत्या शेपटीवरून ती सुचली नसती.

बाकीची ठेवण मी तळकोकणात जशी वारंवार पाहिली तशी सांगतो. खांद्याशी उंची दीड ते दोन फूट, वजन पंधरा-वीस किलोच्या आसपास, कुत्री थोडी हलकी. शरीराची लांबी उंचीपेक्षा किंचित जास्त. छाती बेताची खोल, पोट वर गेलेलं पण शिकारी कुत्र्याइतकं आत ओढलेलं नाही. डोकं पाचरीसारखं, कपाळ आणि नाक यांच्यामधली पायरी अगदी हलकी. नाकाड डोक्याइतकं किंवा थोडं लांब, नाक काळं. डोळे बदामी आकाराचे, तपकिरी. कान उभे, मुळाशी रुंद, टोकाला किंचित गोलसर. पण दहांपैकी दोन-तीन कुत्र्यांचे कान अर्धे मोडलेले दिसतात, आणि ते सगळेच मिश्रणाने होतात असं समजायचं कारण नाही. केस आखूड, खरखरीत, अंगाला चिकटलेले. खाली लोकरीसारखा दुसरा थर जवळपास नसतोच. रंगात तांबूस पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत छटांची बहुसंख्या. बहुतेकांच्या पायांचे पंजे, छातीचा पुढचा भाग आणि शेपटीचं टोक पांढरं. काळे आणि कबरे त्या मानाने कमी, पट्टेरी वाघ्या त्याहून कमी.

या ठेवणीत आणि इथल्या हवेत जुळणी आहे. राजापुरात पावसाळ्यात तीन मीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. अर्जुना आणि कोदवली फुगल्या की बाजारपेठेत पाणी शिरतं. चार महिने जमीन ओली, गवतात जळवा, अंगावर गोचीड. अशा ठिकाणी दाट केसांचा कुत्रा ठेवून पाहा. आषाढ संपेपर्यंत त्याच्या कातडीला चट्टे पडलेले असतात, आणि मालक दर पंधरा दिवसांनी औषधाच्या दुकानात. गावठी कुत्रा एकदा अंग झाडतो, ओटीवर चढतो आणि तासाभरात कोरडा होतो. सड्यावरचा जांभा उन्हाळ्यात तापतो, तेव्हा हाच कुत्रा सावलीत सपाट पडून राहतो आणि संध्याकाळी उठून गडग्यावर चढतो. वानरं कलमांवर उतरली की पहिला आवाज त्याचा. रानडुक्कर भाताच्या खाचरात शिरलं की दुसराही त्याचाच.

डोळ्यांना न दिसणारं पण बहुधा सगळ्यात महत्त्वाचं लक्षण माजाचं आहे. परदेशी जातींच्या बहुतेक कुत्र्या वर्षातून दोनदा माजावर येतात. आपल्या गावठी कुत्र्या बव्हंशी एकदाच येतात, तेही पाऊस ओसरताना. भाद्रपद महिन्याचा आणि कुत्र्यांचा संबंध मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. सुमारे 63 दिवसांच्या गाभणकाळाचा हिशेब धरला तर पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षाकडे, कोरड्या थंडीत, भात झोडून झाल्यावर जन्मतात. ऑस्ट्रेलियाचा डिंगो आणि आफ्रिकेचा बसेंजी यांचंही वर्षाचं चक्र एकदाचंच. अशी ऋतूला बांधलेली वीण कोणा एका माणसाने ठरवून आणलेली नसते. ज्याची पिल्लं चुकीच्या महिन्यात झाली त्याचा वंश पावसात गेला, असा तो सरळ हिशेब आहे. कानांच्या उभेपणापेक्षा माझा भर या लक्षणावर जास्त आहे.

गावठी कुत्रा हा स्वतंत्र प्रकार आहे, हे म्हणणारे लोक आपल्याकडे फार नव्हते. डब्ल्यू. व्ही. सोमण यांचं ‘द इंडियन डॉग’ हे इंग्रजी पुस्तक 1963 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलं. भारतीय जातींची एकत्र आणि गांभीर्याने दखल घेणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत ते मोजावं लागतं. त्यानंतर बराच काळ सामसूम. या शतकाच्या सुरुवातीपासून राजश्री खलप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इनडॉग’ हे नाव रूढ केलं, गावठी कुत्र्याचं वर्णन ठरवलं, दुर्गम खेड्यांतल्या कुत्र्यांचे फोटो जमवले. थिओडोर भास्करन यांचं भारतीय कुत्र्यांवरचं पुस्तक 2017 मध्ये आलं. दक्षिणेतल्या जातींवर त्यात भर आहे, साहजिकच. मराठीत या विषयावर जे आहे ते बहुतांशी पाळणाऱ्यांसाठीच्या सूचना. कुत्रा चावला तर काय करावं हे भरपूर लिहिलं गेलं, कुत्रा दिसतो कसा हे क्वचितच.

महाराष्ट्राच्या पदरी नावाजलेला देशी कुत्रा आहे, पण तो घाटावरचा. सांगली जिल्ह्यातलं जत, पलीकडे सोलापूर, लातूरपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात कारवान सापडतो. लांब निमुळतं डोकं, खोल छाती, आत गेलेलं पोट, उंच पाय, खांद्याशी सत्तर सेंटिमीटरच्या जवळपास उंची. अंगावर आखूड केस असले तर कारवान, कानांवर आणि शेपटीवर रेशमी झालर असली तर पश्मी. सशामागे सुटला की धूळ तेवढी दिसते. हाच कुत्रा सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळात ‘मुधोळ हाउंड’ होतो. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान, आणि राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास मनावर घेतली, म्हणून तिथलं नाव चिकटलं. कुत्र्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या एका संस्थेने त्याला कारवान म्हटलं, दुसरीने मुधोळ. डाक विभागाने 9 जानेवारी 2005 रोजी चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. सैन्याच्या मेरठच्या केंद्रात त्याला प्रशिक्षण मिळालं. 30 ऑगस्ट 2020 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचं नाव घेतलं. त्याच वर्षी कर्नालच्या ब्युरोने पहिल्यांदा कुत्र्यांच्या जाती नोंदवल्या: तमिळनाडूचे राजपालयम आणि चिप्पिपराई, कर्नाटकाचा मुधोळ. जतच्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक. कुत्रा दोन्हीकडचा, नाव एकाच राज्याच्या खात्यावर. कारण साधं आहे. तिम्मापूरला मुधोळ कुत्र्यासाठी संशोधन केंद्र उभं राहिलं, मापं घेतली गेली, कागद तयार झाले. आपण कौतुक करत बसलो.

याशिवाय धनगरांच्या वाड्यावरचा मेंढ्यांच्या राखणीचा कुत्रा आहे, अंगाने भरलेला, गळ्यात काटेरी पट्टा. लांडग्याच्या किंवा बिबट्याच्या जबड्यात मान सापडू नये म्हणून तो पट्टा. त्याला स्वतंत्र जात म्हणावं की गावठ्यातलाच दांडगा प्रकार, यावर पाळणाऱ्यांतच एकमत नाही. मोजल्याशिवाय ते होणारही नाही.

नोंदवलेल्या या सगळ्या जातींचं शेपूट लांब आहे. मग आपल्याकडे जे लांडे कुत्रे दिसतात ते कुठले? तर बहुतेक वेळा ती माणसाची नाहीतर अपघाताची करणी असते. एसटी किंवा डंपरचं चाक, दुसऱ्या कुत्र्याचा चावा, जखमेत किडे पडणं. त्यात भर, पिल्लाचे कान नाहीतर शेपूट कापलं की कुत्रा तापट होतो, ही जुनी समजूत. कुत्रा तापट होतो की नाही माहीत नाही, पण पिल्लू कळवळतं हे नक्की, आणि प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याने असं अवयव तोडणं हा गुन्हा आहे. उपजत लांडा आणि तोडलेला लांडा यांतला फरक हाताने कळू शकतो. शेपटीच्या टोकावर बोट फिरवावं. तोडलेली असेल तर टोक बोथट लागतं, शेवटचा मणका जाडच्या जाड, वर केस नसलेला गुळगुळीत व्रण. उपजत आखूड असेल तर मणके लहान लहान होत संपतात आणि टोकावर केसांचा झुपका शाबूत असतो. शंका उरलीच तर क्ष-किरण फोटोत मणके मोजता येतात.

शहरांतल्या कुत्र्यांवर आणखी एक मानवनिर्मित खूण दिसते, कानाच्या टोकाला मारलेली कात्री. नसबंदी झाल्याची ती खूण, जन्म नियंत्रण नियमांनी ठरवून दिलेली. शंभर वर्षांनी कोणी फक्त फोटो पाहून वर्णन लिहायला बसला तर तो हे जातीचं लक्षण म्हणून नोंदवील, अशी मला कधी कधी गंमत वाटते.

जुन्या पुराव्यांच्या बाबतीत हाच सावधपणा हवा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेल्या काशाच्या रथात दोन बैल आहेत, उभा सारथी आहे आणि रथाच्या दांड्यावर एक कुत्रा उभा आहे. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी या मुलखात कुत्रा माणसाच्या इतका जवळ होता, एवढं त्यावरून खात्रीने म्हणता येतं. तो आजच्या गावठ्याचा पूर्वज होता की नाही, हे मूर्तीकडे पाहून सांगता येत नाही. रायगडावरचा वाघ्या कुत्रा तर 1936 सालचा पुतळा आहे. त्यावरून चाललेल्या वादात मला शिरायचं नाही. पण शिवकाळातला कुत्रा असा दिसत होता याचा पुरावा म्हणून तो पुतळा दाखवणाऱ्याने विसाव्या शतकातला शिल्पकार कोणत्या कुत्र्याकडे पाहून काम करत होता, हे आधी सांगावं. ग्योंगजूच्या बाबतीत पुरावा जड ठरला तो एका मूर्तीमुळे नाही. थडग्यातली मूर्ती, सतराव्या शतकातला ग्रंथ आणि आज जिवंत असलेला कुत्रा, तिन्ही ठिकाणी एकच लक्षण मिळालं म्हणून.

राजापूरबद्दल एक अडचण मान्य करायला हवी. हे बंदर होतं. सतराव्या शतकात अरबांची गलबतं इथे लागत, इंग्रजांची वखार इथे होती, 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. जहाजांवर कुत्री असत, आणि युरोपियनांनी आणलेल्या थोराड कुत्र्यांची जहांगीर बादशहाला हौस होती हे टॉमस रोच्या वकिलातीच्या हकिकतीत येतं. बंदरात उतरलेल्या कुत्र्याने गावातल्या कुत्रीची जात विचारली नसणार. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कुत्र्याच्या शुद्धतेच्या गप्पा फोल आहेत. खाडीपासून आत, अणुस्कुऱ्याच्या घाटाखालच्या वाड्यांत मिश्रण कमी असण्याचा संभव जास्त. मोजणी करायची तर दोन्हीकडे करावी लागेल, आणि फरक आढळला तर तो नोंदण्यासारखा असेल.

खरं मिश्रण मात्र आत्ता चाललं आहे. मुंबईहून गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्या गाड्यांतून लॅब्रेडॉर, पोमेरेनियन, जर्मन शेफर्ड गावी उतरतात. हौस फिटली की त्यांतले काही इथेच राहतात. दुसरीकडे नगरपालिका हद्दीतल्या कुत्र्यांची नसबंदी होते. ती व्हायलाच हवी, रेबीज हा हसण्यावारी नेण्याचा रोग नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात दीड कोटींहून अधिक आणि महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. 2023 मध्ये नवे जन्म नियंत्रण नियम आले, 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचं प्रकरण गाजलं. या सगळ्या चर्चेत कुत्रा हा उपद्रव आहे की दयेचा विषय, एवढ्या दोनच बाजू असतात. तो एक प्राणी आहे, त्याला ठेवण आहे, इतिहास आहे, ही तिसरी बाजू मांडायला कोणी उभं राहत नाही. तिकडे बिबट्या आपलं मोजमाप चोख करतो. अकोले तालुक्यातल्या विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात वजनाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. राजापूर, लांजा भागात पडवीतला कुत्रा रात्रीत नाहीसा होणं नवं नाही. म्हणजे गावठ्यावर आजही निसर्गाची निवड चालू आहे, जी शहरातल्या सोफ्यावरच्या जातींवर केव्हाच थांबली.

मग याला जात म्हणून नोंदवावं का? माझं मत सरळ आहे: घाई नको. जात ठरली की तिचं प्रमाणवर्णन येतं, वर्णनात न बसणारी पिल्लं बाजूला पडतात, चार नामांकित नरांचीच पैदास होते आणि दहा वर्षांत नातलगांतच लग्नं लागतात. युरोपातल्या शुद्ध जातींचे आजार याच वाटेने आले. कारवानाच्या पिल्लांची मागणी वाढल्यापासून तिथेही ही वाट दिसू लागली आहे. गावठ्याचं बळ त्याच्या विविधतेत आहे. मोडक्या कानाचा एक, काळा एक, तांबडे पाच, हेच त्याचं खरं वर्णन. एकसारख्या कुत्र्यांची रांग उभी करून ‘कोकण श्वान’ असं नाव दिलं, की ज्याला वाचवायचं होतं तेच हातातून जाईल.

पण नोंदणी नको म्हणजे मोजणी नको असं नाही. कपिला आणि कन्याळ यांना आधी कोणी नाव दिलं नव्हतं, आधी मोजलं होतं. कुत्र्याच्या बाबतीत त्याला फार खर्चही लागत नाही. रेबीजची लस टोचताना प्रत्येक कुत्रा पाच मिनिटं कोणाच्या तरी हातात असतोच. तेवढ्या वेळात खांद्याची उंची, छातीचा घेर, शेपटीची लांबी, कान उभे की मोडके, रंग कोणता, कुत्री असेल तर शेवटचा माज कोणत्या महिन्यात, एवढं एका कागदावर लिहून होतं. बाजूने एक फोटो. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनाच्या निमित्ताने लसीकरणाची शिबिरं होतात. योगायोगाने ती भाद्रपदाच्या आसपासच येतात. शिरवळ आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना, तालुक्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना आणि शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना विनंती आहे की पुढच्या शिबिराला लशीच्या पेटीबरोबर शिंप्याची एक टेपही न्यावी. आणि एखादा उपजत लांडा सापडलाच, तर त्याची मिरवणूक काढू नका. त्याच्या आईबापांची आणि भावंडांची मापं तेवढी घ्या.